कारंजं, फरशी आणि काच : जुन्या देवळात नवी कला घालायची कोणी?

पुणे-मिरज लाइनवर सातारा गेलं की कोरेगाव, आणि मग रहिमतपूर. बहुतेकांना हे गाव स्टेशनच्या पिवळ्या पाटीपुरतंच माहीत असतं. गाडी थांबते, कोणीतरी चहाची किटली घेऊन डब्यात शिरतं, गाडी सुटते. पण १८८५ साली छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरात रहिमतपूरबद्दल एक नोंद आहे, आणि ती वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. या वीकेंडला तो बाहेर काढतो.

नोंद अशी. गावात एक मशीद आणि मकबरा आहे. विजापूरच्या मुहम्मद आदिलशाहाच्या काळातला (१६२७ ते १६५६) नामांकित सरदार रणदुल्लाखान, त्याच्या सन्मानार्थ ही मशीद बांधली असावी असं गॅझेटियर म्हणतं. हा रणदुल्लाखान म्हणजे तोच, ज्याच्याबरोबर शहाजीराजे कर्नाटकच्या मोहिमेवर गेले होते. मशिदीपासून साधारण शंभर यार्डांवर एक उंच बुरूज आहे, सुमारे ५० फुटांचा, आणि त्याच्या पश्चिम बाजूला उतार. ही हत्तीची मोट! मशिदीतल्या कारंज्याला पाणी मिळावं म्हणून बांधलेली.

आता इथे आपल्यातला इंजिनीयर जागा होतो. मोट म्हणजे काय ते आजीआजोबांकडून ऐकलेलं असतं : बैल धावेवरून उतरत जातात, नाडा ओढला जातो, विहिरीतून चामड्याची मोट वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. इथे बैलाच्या जागी हत्ती, आणि थारोळ्याच्या जागी थेट बुरूज. ५० फूट म्हणजे १५ मीटर. १५ मीटर पाण्याचा दाब साधारण दीड किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे पाचमजली बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला येतो तेवढा. घर्षणात थोडा जाऊनही कारंजं उडायला पुरेसा. वीज नाही, पंप नाही, सतराव्या शतकातलं साताऱ्याकडचं गाव. प्रार्थनेला येणाऱ्या माणसाला समोर काय दिसणार? आकाशाकडे उडणारं पाणी!

मुद्दा काय, तर त्या काळी हे एकदम लेटेस्ट होतं. आज आपण त्याला 'ऐतिहासिक वारसा' म्हणतो, पण बांधलं तेव्हा ते नवंकोरं, खर्चिक आणि कदाचित काहींच्या मते 'कशाला हवीत ही थेरं' या सदरातलं होतं. पैसा कुणाचा? सरदाराचा म्हणा किंवा राज्याचा म्हणा, त्या काळी दोहोंत रेघ मारणं कठीण. शेवटी तो रयतेच्या महसुलातूनच आलेला.

तर प्रश्न असा : प्रार्थनेच्या जुन्या जागेत, लोकांच्या पैशातून, आपल्या काळाची कला आणायची की नाही? आणायची तर ठरवायचं कोणी?

चौऱ्याऐंशीचा शिलालेख

मशिदीवरून देवळाकडे येऊ. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात एक शिलालेख आहे, लोक त्याला 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' म्हणतात. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा. शेकडो वर्षं लोक तिथे पाठ घासत आले. त्यावर कोरलंय काय, तर देणगीदारांची यादी! शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात देवळासाठी कुणी काय दिलं त्याची नोंद. त्यात यादव राजा रामदेवराव आहे, त्याचा मंत्री हेमाद्री पंडित आहे, आणि त्यांच्याबरोबर साधी भक्तमंडळीही आहेत.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे क्राउडफंडिंगचं पान आहे, फक्त दगडात. राजा मोठा डोनर, बाकीचे छोटे, पण यादी एकच. मला यात दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे नावं आहेत. दुसरी म्हणजे तारीख आहे. साडेसातशे वर्षांनी आपण बोट ठेवून सांगू शकतो की हा थर अमुक काळातला.

देवळं अशीच वाढत गेली. आज आपण 'प्राचीन मंदिर' म्हणतो तेव्हा खरं तर तो थरांचा ढीग असतो. गाभारा एका शतकातला, सभामंडप दुसऱ्या, दीपमाळ तिसऱ्या, पेशवाईतला लाकडी मंडप, वर चुन्यातलं शिखर. प्रत्येक थर त्या त्या वेळी 'कंटेम्पररी' होता. आपल्या धंद्यात ज्याला लेगसी कोड म्हणतात तसं : वीस जणांनी वीस वर्षांत लिहिलेलं, आणि तरीही रोज चालणारं.

औंधचा राजा

पुन्हा रहिमतपूरला या, कारण इथून पूर्वेला गेलं की तासाभराच्या आत औंध लागतं. बहात्तर गावांचं चिमुकलं संस्थान. १९०९ साली इथे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. आपल्याला ते सूर्यनमस्कारांमुळे माहीत असतात. पण हा माणूस स्वतः चित्रकार होता, कीर्तनकार होता. १९१६ साली त्यांचं 'चित्ररामायण' छापून आलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली होती. वेरूळ आणि अजिंठा या दोन्हींवर त्यांची पुस्तकं आहेत.

त्यांनी १९३८ साली औंधला श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारलं. कुठे? यमाईच्या डोंगरावर! वर देवीचं मूळपीठ, आणि त्याच डोंगराच्या उतारावर संग्रहालय. मुंबई-पुण्याकडे बघत बसले नाहीत, जिथे लोक नवस फेडायला येणार तिथेच चित्रं नेऊन ठेवली. तिथे राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे, आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' हे दगडी शिल्पही आहे. हेन्री मूर म्हणजे विसाव्या शतकातल्या आधुनिक शिल्पकलेतलं सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक. त्याची आई आणि मूल, सातारा जिल्ह्यात, आईच्या डोंगरावर. मला हे योगायोगापेक्षा जास्त वाटतं.

बाळासाहेबांनी काय केलं ते नीट बघा. देवीच्या मूर्तीला हात लावला नाही, गाभाऱ्यात मूर नेऊन बसवला नाही. नवी कला भक्ताच्या वाटेवर ठेवली. ज्याला बघायचंय त्याने बघावं, ज्याला सरळ वर जायचंय त्याने जावं.

पण एक खोच आहेच. याच राजाने १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने, आपली सत्ता गावांच्या पंचायतींकडे सोपवणारी घटना दिली. हिंदुस्थानातल्या संस्थानांत असं धाडस विरळा. मग मला प्रश्न पडतो, बहात्तर गावांच्या पंचायतींना मत विचारलं असतं तर मूरचं शिल्प पास झालं असतं का? माझी पैज 'नाही'वर आहे. म्हणजे ज्या निर्णयाचं आपण आज कौतुक करतो, तो एका रसिक माणसाने एकट्याने घेतला म्हणून झाला. लोकशाहीवाल्या आपल्याला हे पचायला जरा जड जातं. असो.

राजा गेला, क्लायंट कोण?

१९४७ नंतर संस्थानं गेली, आणि देवळामशिदींचा तो जुना क्लायंट गेला. त्याच्या जागी आले तिघे.

पहिलं, पुरातत्त्व खातं. केंद्राचा १९५८ चा कायदा, महाराष्ट्राचा १९६० चा. वास्तू 'संरक्षित' झाली की तिच्यात फेरफार करायचा नाही. काम चोख, पण दिशा एकच : आहे तसं ठेवा. कोडबेस रीड-ओन्ली.

दुसरा, ट्रस्ट. असंरक्षित देवळांचा कारभार विश्वस्तांच्या हातात. पैसा भक्तांचा, निर्णय मीटिंगमध्ये, आणि निर्णय बहुतेक वेळा ठरलेला : ऑइल पेंट, ग्रॅनाइट, टाइल्स, स्टीलचे कठडे.

तिसरं, शासनाचा तीर्थक्षेत्र विकास निधी. यातून रस्ता होतो, भक्तनिवास होतं, शौचालयं होतात, पेव्हर ब्लॉक बसतात, हायमास्ट दिवा लागतो. गरजेच्या गोष्टी आहेत, नावं ठेवत नाही. शिवाय घटनेचं २७ वं कलम आहे : एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही. त्यामुळे सरकारने 'सोयी' देणं सोपं, 'कला' देणं अवघड.

तिघांची यादी पुन्हा वाचा. यात चित्रकार कुठाय? शिल्पकार कुठाय? जे. जे. मधून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, त्यांच्यातल्या एखाद्याला आपल्या जिल्ह्यातल्या देवळासाठी किंवा दर्ग्यासाठी बोलावून 'बाबा रे, इथे तुझ्या काळाचं काहीतरी कर' असं म्हणायला या व्यवस्थेत खिडकीच नाही. म्हणजे जुन्या वास्तूंत नवी भर थांबलीय असं मुळीच नाही. ती रोज पडतेय. फक्त ती कंत्राटदाराची आणि टाइल्सच्या दुकानदाराची भर आहे.

पंढरपूरचा रोलबॅक

याचं सगळ्यात मोठं उदाहरण परत पंढरपूरचं. विठ्ठल मंदिर १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमापासून सरकारने नेमलेल्या समितीकडे जायचा मार्ग सुरू झाला. बडवे-उत्पातांशी चाललेला खटला २०१४ साली सुप्रीम कोर्टात संपला. पुढे मंदिराच्या जतनासाठी ७३ कोटी ८५ लाखांचा आराखडा मंजूर झाला. १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवून काम सुरू झालं, आणि पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली गाभाऱ्यातलं ग्रॅनाइट, संगमरवर, चांदीचे पत्रे काढले गेले. आतून काळा दगड बाहेर आला. मेअखेरीस एक तळघरही सापडलं, त्यात मूर्ती होत्या. २ जूनला पदस्पर्श पुन्हा सुरू झालं.

बातम्यांतले फोटो बघून मीही 'वा!' म्हटलं. तो दगड देखणा आहे यात वादच नाही. शिवाय दगडाला श्वास घ्यायला लागतो. ग्रॅनाइट आणि सिमेंटने त्याला गच्च बांधलं की ओल आत अडकते आणि दगड खराब होतो. तांत्रिकदृष्ट्या काढणं बरोबर.

पण 'मूळ रूप' हा शब्द मला खटकतो. मूळ म्हणजे कोणतं? रामदेवरावाचं? पेशव्यांचं? १९६४ साली जगभरच्या जतनतज्ज्ञांनी व्हेनिसमध्ये एक सनद केली, 'व्हेनिस चार्टर' म्हणतात तिला. त्यातलं एक तत्त्व असं, की वास्तूत सगळ्या काळांनी घातलेल्या योग्य भरीचा मान राखायचा. सगळं एकाच शैलीत आणणं हे जतनाचं उद्दिष्ट नाही. मग 'योग्य भर' कोणती, हे कोण ठरवणार? चांदी अयोग्य आणि सागवान योग्य? ग्रॅनाइट चाळीस वर्षांचं म्हणून कचरा, आणि तेच चारशे वर्षांचं असतं तर वारसा?

इथे माझी स्वतःची एक अडचण आहे. आमच्या गावच्या ग्रामदैवताच्या देवळात, उंबऱ्यापासून तिसऱ्या ओळीत, एक पांढरी फरशी आहे. तिच्यावर माझ्या पणजीचं नाव आहे, 'यांचे स्मरणार्थ'. आजोबांनी बसवली. आजोबांचा पगार तेव्हा बेताचा होता, आणि ती फरशी हा त्यांच्या आयुष्यातला मोठा खर्च होता. माझ्यातला डिझाइनवाला म्हणतो, ही चकचकीत फरशी त्या काळ्या देवळात भयंकर दिसते, काढा. माझ्यातला पणतू म्हणतो, खबरदार. आणि चौऱ्याऐंशीचा शिलालेख आठवला की दोघेही गप्प होतात. कारण ती फरशी आणि तो शिलालेख जातीने एकच आहेत. 'मी इथे होतो, मी देवाला एवढं दिलं.' फरक इतकाच, की शिलालेखावर शक आहे. फरशीवर साल नाही.

तिकडे काय करतात?

फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने चर्च आणि सरकार वेगळं झालं. पण गंमत बघा, जुन्या कॅथिड्रल इमारती सरकारच्या मालकीच्या आणि बाकीची बहुतेक जुनी चर्चेस नगरपालिकांच्या मालकीची राहिली. म्हणजे कट्टर धर्मनिरपेक्ष सरकारच चर्चच्या इमारतीचं घरमालक! त्यामुळे नवी काच बसवायची तर सरकारने कलाकार नेमायचा, हा तिथे सरळ व्यवहार झाला.

कॉँक नावाच्या खेड्यात बाराव्या शतकाच्या आसपासचं चर्च आहे. फ्रेंच सांस्कृतिक खात्याने त्याच्या १०४ खिडक्यांचं काम प्येर सूलाज या चित्रकाराला दिलं. १९८७ ते १९९४, सात वर्षं. हा पठ्ठ्या त्याच भागातला, शाळेच्या सहलीत ते चर्च बघून चित्रकार व्हायचं ठरवलेला. त्याने चित्रं काढलीच नाहीत. खास नवी काच बनवून घेतली : रंग नसलेली, आरपार न दिसणारी, पण उजेड आत पसरवणारी. गावकऱ्यांनी आधी खूप नाकं मुरडली. आज लोक त्या खिडक्या बघायला तिथे जातात.

जर्मनीत कोलोनच्या कॅथिड्रलमध्ये २००७ साली गेऱ्हार्ड रिष्टरची खिडकी बसली. मध्ययुगीन काचांतल्या रंगछटांवरून निवडलेले ७२ रंग, सुमारे ११,५०० चौकोन, आणि कुठला रंग कुठे हे ठरवायला रँडम जनरेटर! (हो, आपला तोच. देवाच्या घरात रँड फंक्शन.) पैसा देणग्यांचा होता. तिथल्या कार्डिनलना ती आवडली नाही. ही एखाद्या मशिदीत जास्त शोभेल असं ते म्हणाले. मला रहिमतपूरचं कारंजं आठवलं आणि हसू आलं.

आणि ताजं प्रकरण पॅरिसच्या नोत्र दामचं. २०१९ च्या आगीनंतर राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, की सहा चॅपलमध्ये आजच्या कलाकाराच्या काचा बसवू. तिथल्या काचा आगीत शाबूत राहिल्या होत्या. सरकारच्याच वारसा आयोगाने जुलै २०२४ मध्ये विरोध केला, लाखो सह्यांचं निवेदन निघालं, तरी त्या डिसेंबरात क्लेअर ताबूरे या चित्रकर्तीची निवड झाली. खरा मजेचा भाग असा, की ज्या काचा वाचवायला लोक भांडतायत त्या एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुकाराने बसवलेल्या. बाराव्या-तेराव्या शतकातल्या चर्चमध्ये त्या नव्याच होत्या की! तरी मला यात विरोधकांचं पटतं. शाबूत काम काढून तिथे नवं घालणं हा कलेचा सन्मान नाही, त्यात जुन्या कारागिराचा अपमान आहे. कोलोनमध्ये मूळ काच महायुद्धात गेली होती. जागा रिकामी असणं आणि रिकामी करणं यात फरक आहे.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे, पण ते उलट्या दिशेचं. आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, गोव्यातल्या सांतु इस्तेव्हांचा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकला आणि मेरी माता साडीत रंगवायला लागला. पोर्तुगीज गोव्यातल्या चर्चमंडळींना ते रुचलं नाही. शेवटी तो पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला आणि तिथेच आयुष्यभर चित्रं काढली. १९६७ मध्ये गेला. आज त्याची चित्रं गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात मानाने जपून ठेवलीत. म्हणजे चित्रं परत गेली, पण संस्थेच्या संग्रहात. ज्या भिंतींसाठी ती शोभली असती तिथे कुणी बोलावलं नाही, तोवर वेळ निघून गेली होती.

मग करायचं काय?

मी ना पुरातत्त्ववाला ना कलासमीक्षक. पण चालू सिस्टिमला हात लावायचे काही नियम आमच्या धंद्यात असतात, ते इथेही लागू पडतात असं मला वाटतं.

एक : चालणारं काढू नका. शाबूत थराच्या जागी नवा थर नको. रिकामी जागा शोधा. आवार आहे, नवा दर्शनमंडप आहे, भक्तनिवासाची भिंत आहे, औंधसारखी डोंगरावरची वाट आहे. नाहीतरी तिथे सरकारी पैसा जातोच आहे. त्यातला छोटा वाटा कलाकारासाठी ठेवला तर २७ वं कलमही आडवं येऊ नये, कारण भक्तनिवास जितकं धार्मिक, तितकीच त्याची भिंत.

दोन : परत काढता आलं पाहिजे. जे बसवाल ते दगडाला इजा न करता काढता येईल असं बसवा. पुढच्या पिढीला आपली आवड पटेलच असं नाही. सिमेंट आणि ऑइल पेंटचा खरा गुन्हा कुरूप असणं हा नाही. ते निघत नाहीत, हा आहे.

तीन : ठरवणाऱ्यांत रोज येणारा माणूस हवा. एकट्या राजाच्या आवडीने औंध झालं, पण दर वेळी राजा बाळासाहेबांसारखा निघेल याची खात्री नाही. पुजारी, मुजावर, फुलवाली, वारकरी, आणि सोबत एक-दोन जाणकार. यांना आधी नमुना दाखवा, वर्षभर राहू द्या, मग पक्कं करा. कॉँकच्या लोकांनाही सवय व्हायला वेळ लागलाच.

चार : नाव आणि साल कोरा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं. यादवांच्या काळातल्या लोकांना जमलं ते आपल्याला जमायला हरकत नाही. उद्या कुणी थर उलगडायला बसलं तर त्याला कळलं पाहिजे की हा एकविसाव्या शतकातला, अमक्याने केलेला, तमक्याच्या पैशाने.

या चारांत न बसणारी एक गोष्ट उरते, पणजीच्या फरशीची. उद्या आमच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला आणि फरशा काढायचं ठरलं, तर मी आडवा पडणार नाही. पण मागेन एवढंच, की सगळ्या फरशांवरची नावं एका दगडावर, एका यादीत, साल घालून कोरा आणि तो दगड आवारात उभा करा. कोरायला चांगला शिल्पकार बोलवा, त्याला त्याच्या मनाने करू द्या. त्याचा खर्च गावाने वर्गणी काढून द्यावा. माझी वर्गणी मी आत्ताच बाजूला काढून ठेवलीय.